‘देवराई’ आणि मूषक-प्रयोग : छिन्नमनस्कतेतील सामाजिक वर्तनाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) या आजारात भास व भ्रमांइतकेच रुग्णाचे माणसांपासून तुटत जाणे गंभीर असते. प्रचलित औषधांनी भास बऱ्याच अंशी आटोक्यात येतात. मात्र या तुटलेपणावर ती फारशी परिणामकारक ठरत नाहीत. त्याचा वेध प्रयोगशाळेने उंदरांच्या साहाय्याने, तर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने कथेतून घेतला आहे. या दोन्ही मार्गांचे मूल्यमापन येथे केले आहे.

मूषक-प्रयोगाची मर्यादा :
उंदराचे भास जाणून घेता येत नाहीत. म्हणून त्याचे दृश्य वर्तन मोजले जाते. तीन कप्प्यांच्या पेटीत एका बाजूस जाळीत अनोळखी उंदीर व दुसऱ्या बाजूस रिकामी जाळी असते. निरोगी उंदीर सामान्यतः सोबत्याजवळ अधिक वेळ घालवतो. जनुकीय बदलाने किंवा केटामाइनसारख्या द्रव्याने हा ओढा घटतो काय, हे तपासतात. पद्धत काटेकोर आहे. परंतु हीच कसोटी स्वमग्नतेच्या संशोधनातही वापरली जाते. त्यामुळे केवळ घटलेल्या वेळेवरून आजार ओळखता येत नाही. शिवाय जाळीतील सोबत्याला स्वतःहून जवळ येण्याची किंवा दूर जाण्याची मोकळीक नसते. संबंधाची दुसरी बाजू अशा प्रकारे मोजमापाबाहेरच राहते.

‘देवराई’चे सामर्थ्य व उणीव :
चित्रपट नेमकी हीच बाजू दाखवतो. कोकणातील शेष (अतुल कुलकर्णी) माणसांपासून दुरावतो, पण देवराईशी त्याचे नाते घट्ट आहे. पेटीच्या हिशेबात असा ओढा कोठेच नोंदला जाणार नाही. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते, तेव्हा तिच्या संसारावर पडणारा ताणही कथेचा विषय होतो. तथापि, देवराईची प्रतिमा इतकी प्रभावी आहे की आजार काहीसा झाकोळतो. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार पर्यावरणविषयक गटात मिळाला, ही बाब सूचक आहे.

निष्कर्ष :
पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात रुग्णाचा सांभाळ मुख्यतः कुटुंबच करते. म्हणून येथे सीनेची बाजू दुय्यम मानता येत नाही. मेंदूतील प्रक्रिया उलगडण्यासाठी उंदीर आवश्यक आहे. परंतु रुग्ण माणसांत परततो की नाही, हे माणसे त्याच्याशी कशी वागतात यावरही अवलंबून असते.