एकट्या सायकलस्वाराचे निवेदन : वेग, घाट आणि थांबा

मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेचा आढावा घेताना एक उणीव सहसा नोंदली जात नाही. पायी चालणाऱ्याचे गद्य मराठीत आहे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’पर्यंत आणि पुढे गो. नी. दांडेकरांच्या भ्रमणगाथांपर्यंत त्याचा एक सलग प्रवाह दाखविता येतो. बोट, आगगाडी आणि विमान यांनी जाणाऱ्याचे गद्य तर विपुल आहे, पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० मध्ये त्याला जी लोकप्रियता मिळवून दिली, तिचा प्रभाव अद्याप ओसरलेला नाही. या दोहोंच्या मध्ये असणारा, स्वतःच्या पायांच्या बळावर परंतु चाकांवरून जाणारा एकटा सायकलस्वार मात्र या परंपरेच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही.

बंगालीकडे पाहिले म्हणजे ही उणीव अधिक जाणवते. रामनाथ विश्वास १९३१ मध्ये सिंगापूरहून सायकलवर निघाले आणि त्यांच्या भ्रमंतीतून अनेक पुस्तके निर्माण झाली. बिमल मुखर्जी १९२६ मध्ये तिघा सोबत्यांसह कलकत्त्याहून निघाले, पुढे एकटे उरले आणि १९३७ मध्ये परतले. त्यांचे ‘दु चाकाय दुनिया’ १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. या प्रवासांचा उगम मुंबईतही होताच. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे १९२३ मध्ये मुंबईहून निघून १९२८ मध्ये जगाची फेरी पुरी करून आले; फ्रामरोज दावर १९२४ मध्ये निघाले. पण त्यांची पुस्तके इंग्रजीत झाली. मराठीला शहर मिळाले, रस्ता मिळाला, सायकलही मिळाली. पुस्तक तेवढे मिळाले नाही.

याचे कारण मराठी मनाच्या साहसविन्मुखतेत शोधण्याची सवय आहे. ते स्पष्टीकरण फार सोपे आहे, आणि गिर्यारोहणाचा व दुर्गभ्रमणाचा इतिहास लक्षात घेतला तर खोटेही आहे. कारण सायकलीच्या सामाजिक अर्थात शोधणे अधिक योग्य ठरेल. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतही सायकल ही पोस्टमनची, दूध घालणाऱ्याची, शाळेच्या मास्तरांची होती. सकाळी जाऊन सायंकाळी परत आणणारे ते वाहन. प्रवास या संज्ञेत जे ‘दूर जाणे’ अभिप्रेत असते, ते तिच्या वाट्याला आलेच नाही. अतिपरिचित वस्तूला तिचे वस्तुपण परत मिळवून देणे हे कलेचे कार्य श्क्लोव्हस्कीने अपरिचितीकरण या संज्ञेने सांगितले. सायकलीच्या बाबतीत हे अपरिचितीकरण मराठीत कोणा लेखकाने केले नाही. ते केले वृत्तपत्रांनी, आणि तेही विक्रमाच्या मार्गाने. त्याची किंमत मोठी आहे.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने वयाच्या विसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत एकटीने पूर्ण केली. या पराक्रमाची बातमी झाली ती प्रामुख्याने दिवस, अंतर आणि देश यांच्या आकड्यांची. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने झालेली लूट आणि कॅनडात मागे लागलेले अस्वल या दोन घटनाही त्या आकड्यांना लावलेल्या तोरणासारख्याच राहिल्या. यात प्रवास करणारीचा दोष नाही. बातमीच्या भाषेला आकड्याखेरीज काही दिसत नाही, हा त्या भाषेचा दोष आहे. आणि मुख्य म्हणजे हौशी सायकलस्वारांच्या लेखनाने हीच भाषा आपली म्हणून स्वीकारली आहे. आज किती अंतर, किती चढ, सरासरी वेग किती, मुक्काम कोठे : एवढ्यावर दिवस संपतो.

हिशेबाच्या या गद्याला तुच्छ लेखण्याचेही कारण नाही. त्याची वंशावळ थोर आहे. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणीचा, बहुतेक विद्वानांच्या मते नागणिकेचा, जो लेख आहे, त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या गाईंची, घोड्यांची, कार्षापणांची यादी अंकांसह कोरलेली आहे. भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पुराव्यांत तिची गणना होते. व्यापारी मार्गाच्या तोंडावर बसून आकडे मांडणे ही त्या जागेची दोन हजार वर्षांपूर्वीची रीत आहे. फरक इतकाच, की त्या लेखात देणे मोजले आहे, आणि सायकलस्वाराच्या नोंदवहीत केवळ स्वतःचे पार पडणे.

मराठी समीक्षेत ‘घाट’ हा शब्द रूपबंधासाठी रूढ झाला आहे. सायकलप्रवासाच्या बाबतीत त्याचे दोन्ही अर्थ एकत्र येतात, आणि ही केवळ शब्दाची गंमत नव्हे. मोटारीत बसलेल्याला चढ दिसतो. सायकलस्वाराला तो गुडघ्यात कळतो. चढणीवर श्वास आखूड होतो, नजर पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर खिळते आणि जग तेवढेच उरते. उतरणीला जग एकदम पसरते, पण ते पाहण्याइतका वेळ मिळत नाही. मर्ढेकरांनी लयीचे जे नियम सांगितले, त्यांतील संवाद, विरोध आणि समतोल हे तिन्ही येथे देहाच्या पातळीवर उपलब्ध आहेत. सायकलस्वाराच्या गद्याची वाक्ये या लयीला जागत नसतील, चढणीचे वाक्य आणि उतरणीचे वाक्य एकाच लांबीचे आणि एकाच सुरातले असेल, तर लेखक सायकलवर होता हे वाचकाने कशावरून मानावे?

जुन्नर-आंबेगावचा भूप्रदेश या दृष्टीने कसोटीचा आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून आलेला स्वार पावसाळ्यात धुक्यातून भातखाचरांच्या प्रदेशात उतरतो आणि ओतूर, आळेफाटा गाठेपर्यंत पाऊस विरत जातो. कांदा, ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो यांचा मुलूख लागतो. पश्चिमेकडील महादेव कोळ्यांचा भात आणि हिरडा, पूर्वेकडील बागायतदाराचे कालव्याचे पाणी ही दोन अर्थव्यवस्थांमधील सीमारेषा एका दिवसात ओलांडली जाते. उलट दिशेने, नारायणगावहून पश्चिमेला आषाढात निघणाऱ्यास वारा समोरून येतो. पाश्चात्त्य प्रवासी ज्याला ‘उष्ण कटिबंध’ म्हणतो तो हाच. परंतु ही संज्ञा समशीतोष्ण प्रदेशातून येथे आलेल्याची आहे. येथे राहणारा उष्ण कटिबंधात राहत नाही. तो मृगात पेरतो आणि आषाढात चिखल तुडवितो. मराठी सायकलस्वाराने आपल्याच मुलुखाचे वर्णन ‘हिरवेगार’, ‘घनदाट’, ‘निसर्गरम्य’ अशा विशेषणांनी करावे, म्हणजे त्याने स्वतःच्या देशात पाहुण्याचे डोळे उसने घ्यावेत, हे देशीयतेच्या चर्चेने एवढा काळ गाजलेल्या साहित्यात खटकण्यासारखे आहे.

नाणेघाटाची चढण याहून वेगळी. कोकणच्या बाजूने वर येणारी ती पायवाट दगडी पायऱ्यांची आहे. तेथून सायकल न्यायची तर ती खांद्यावर घ्यावी लागते. वाहन ओझे होते आणि स्वार वाहक. एकट्याच्या प्रवासातील हा क्षण वाङ्मयीन दृष्ट्या अत्यंत संपन्न आहे, कारण या वाटेने शतकानुशतके माल वाहणाऱ्या बैलांच्या आणि हमालांच्या ओळीत तो स्वार नकळत उभा राहतो. दा. ध. कोसंबींनी आपल्या पायी भटकंतीतून मातृदेवतांची ठाणी आणि प्राचीन वाटांचे छेद यांचा संबंध जोडला. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या ग्रंथातील ती अंतर्दृष्टी वाचनालयात बसून मिळाली नसती. चालणे ही त्यांच्यापुरती संशोधनपद्धती होती. सायकल चालविणे ही तशी ज्ञानपद्धती होऊ शकते काय, हा या लेखनप्रकारासमोरचा खरा प्रश्न आहे.

आता ‘एकटा’ या विशेषणाकडे वळता येईल. निवेदनाच्या दृष्टीने एकट्याची अडचण अशी, की त्याच्या ‘मी’ला बोलायला कोणी नाही. ‘अपूर्वाई’तील विनोद बराचसा सोबतीच्या अस्तित्वावर उभा आहे, ‘वाटचाल’मधील निवेदिकेला दिंडी आहे, आणि त्या दिंडीतील जेवणाच्या वेगळ्या पंगतींचे शल्यही. सोबत नसलेला निवेदक सायकलशीच बोलू लागतो. १९६३ मध्ये आयर्लंडहून भारतात एकटी सायकलने आलेली डर्व्हला मर्फी आपल्या सायकलीला ‘रॉझ’ म्हणते, दोन किहोतेच्या घोड्यावरून. पण ‘फुल टिल्ट’ हे १९६५ चे पुस्तक तरते ते दैनंदिनीच्या रूपामुळे. घरच्या मित्रमंडळींना धाडलेल्या नोंदींतून ते घडले असल्याने प्रत्येक पानाला एक श्रोता आहे. उलट टॉमस स्टीव्हन्सने उंच पुढच्या चाकाच्या सायकलवरून १८८६ मध्ये लाहोर ते कलकत्ता हा टप्पा गाठला, तेव्हा त्याच्या निवेदनात रस्त्याकडेचा माणूस बहुतांशी यंत्राकडे आ वासून पाहणारा प्रेक्षक होऊन राहतो. दोघेही एकटेच, पण एकीला श्रोता आहे, दुसऱ्याला फक्त गर्दी.

एकटा प्रवासी स्वावलंबी असतो ही समजूत या सर्व संहितांमधून खोटी ठरते. पाणी, सावली, रात्रीचा आसरा, पंक्चरसाठी बादलीभर पाणी यासाठी एकटा स्वार समूहाने जाणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक परावलंबी असतो. बाख्तिनने रस्त्याच्या कालावकाशाचे वैशिष्ट्य भेटीत पाहिले : एरवी सामाजिक अंतरामुळे एकत्र न येणारी माणसे रस्त्यावर येतात. परंतु वेगात भेट होत नाही. भेट होते ती थांबल्यावर, आणि पुष्कळदा नाइलाजाने थांबल्यावर. म्हणून या गद्याचे परीक्षण त्याच्या थांब्यांवरून करावे.

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोलका दाखला खुद्द जुन्नरचा आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन चौलला उतरून सह्याद्री ओलांडून जुन्नरला आला आणि पावसाने त्याला तेथे अडविले. तेव्हा सायकल नव्हती. विकण्यासाठी आणलेला घोडा होता. बहमनी राज्याचा तेथील अधिकारी असदखान याने तो काढून घेतला आणि धर्म बदलल्यास घोडा व वर सोन्याची नाणी, न बदलल्यास घोडाही जाईल आणि वर सोन्याची नाणीही भरावी लागतील, अशी अट घातली. अखेर एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने तो सुटला आणि घोडाही परत मिळाला. निकितीनच्या लेखनात चालण्याचे टप्पे दिवसांच्या आकड्यांत उरकले जातात, अगदी आजच्या सायकलस्वाराच्या नोंदीसारखे. जुन्नरला मात्र गद्य जागे होते. रात्रंदिवस पडणारा पाऊस आणि चिखल, त्याच दिवसांत चालणारी नांगरणी-पेरणी, खडकावर वसलेले गाव आणि तेथे जाणारी एका माणसापुरती वाट हे सारे तो अडकून पडला म्हणून लिहिले गेले. पुढे प्रार्थनेच्या जागी त्याच्या रशियनमध्ये तुर्की, फारसी आणि अरबी शब्द मिसळतात. भाषेनेच त्याच्या एकटेपणाचा आणि परावलंबनाचा कबुलीजबाब दिला आहे. घोडा न जाता तर निकितीनचे जुन्नर एका ओळीत संपले असते.

या निकषाचा नैतिक भाग आंबेगावात अधिक उघड होतो. मंचरहून घोडेगाव, डिंभे मार्गे भीमाशंकरकडे जाणारा रस्ता सायकलस्वारांना प्रिय आहे. डिंभ्यापाशी घोड नदीवरील धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसतो आणि नोंदवहीत ‘नयनरम्य’ हा शब्द पडतो. ज्या आंबेगावामुळे तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. कुकडी प्रकल्पाचे हे पाणी पूर्वेकडच्या शेतांना जाते. विस्थापितांपैकी काहीजण लाभक्षेत्राकडे गेले, काही वरच्या उतारांवर सरकले. याच भागातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून गाडले गेले आणि १५०हून अधिक माणसे दगावली. स्वाराला ‘चिंब’ आणि ‘धुंद’ वाटणारा पाऊस तोच. ही माहिती पुस्तकातून घेऊन वर्णनात पेरावी असे येथे सुचवायचे नाही. तसे केले तर प्रवासवर्णनाचे गॅझेटियर होते. प्रश्न निवेदनाच्या रचनेचा आहे. जलाशय न्याहाळण्यासाठी थांबलेला निवेदक आणि चहाच्या टपरीवर चाकात हवा भरून होईपर्यंत थांबावे लागलेला निवेदक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पहिल्याला देखावा मिळतो. दुसऱ्याला विचारले जाते, ‘कोणत्या गावचे?’

विक्रमाच्या गद्यात या प्रश्नाला जागा नाही, कारण तेथे गाव म्हणजे मुक्काम. पण एकट्याच्या प्रवासातील पहिला संवाद बहुधा याच प्रश्नाने सुरू होतो, आणि रीतीप्रमाणे तो उलटूनही विचारावा लागतो. डिंभ्याच्या पाण्याकाठी उलटून विचारलेल्या त्या प्रश्नाला विचारणाऱ्याकडून पुष्कळदा दोन नावे मिळतील : आता राहतात ते, आणि आधीचे.