चेहरा हुबेहूब, चाल उसनी

मंडळी, इथं बसलेल्यांपैकी ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ कोण कोण खेळलंय? (बरेच हात वर होतात.) वाटलंच मला. २००६ च्या अखेरीस आलेला गेम. परवाना फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघांचा, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड केलेली. चेहऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. (हशा) तरी आपण रात्र रात्र जागून तो खेळलो. का खेळलो?

आता २०२३ चा ‘क्रिकेट २४’ घ्या. ऑस्ट्रेलियातल्या बिग अँट स्टुडिओचा. त्यात अनेक खेळाडूंचे चेहरे स्कॅन करून घेतलेत. दोन गेममध्ये सतरा वर्षांचं अंतर आहे आणि चित्राने मारलेली मजल डोळ्यांना दिसते. मला त्या प्रगतीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण ‘वास्तव’ हा शब्द कशासाठी वापरतो, याबद्दल.

एक साधा हिशेब करू. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३९ मीटर. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत चेंडूला साधारण १८ मीटर कापायचे असतात. म्हणजे अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, पाय टाकायचा, वजन न्यायचं आणि मग बॅट. आता गेम बनवणाऱ्याची अडचण बघा. बटण दाबल्याबरोबर फटका बसला नाही, तर खेळणारा म्हणतो, ‘गेम अडकतोय.’ आणि लगेच बसला, तर पायाला पोहोचायला वेळच उरत नाही. मग शरीर सरकवलं जातं. पाय जमिनीवर टेकलेला दिसतो, पण माणूस पुढे घसरत जातो, जसा काही फरशीवर साबण सांडलाय.

‘क्रिकेट ०७’ने यावर एक शहाणपणाचा तोडगा काढला होता. त्यातल्या ‘सेंच्युरी स्टिक’मध्ये कंट्रोलरच्या एका स्टिकने पाय पुढे की मागे ते ठरायचं आणि दुसरीने फटका. म्हणजे पाय हा वेगळा निर्णय होता. चुकला की चुकला, त्याची किंमत मोजायची. चित्र ओबडधोबड होतं, पण क्रिकेटची ही अट त्याने मानली होती. माझ्या मते वास्तव तिथं होतं.

फुटबॉलवाल्यांनी दुसरी वाट धरली. ‘फिफा २२’साठी २०२१ मध्ये बावीस व्यावसायिक खेळाडूंना सेन्सर लावलेले पोशाख घालून एकाच वेळी मैदानावर खेळवलं आणि त्यांच्या हालचाली टिपल्या. यातला खरा शोध ‘एकाच वेळी’ हा आहे. स्टुडिओत एकटा पळणारा माणूस कुणाला चुकवत नाही, कुणाचा धक्का खात नाही. समोर माणूस आला की चाल बदलते.

आपल्या आमखास मैदानावर संध्याकाळी जाऊन उभे राहा. पोरगा चेंडूमागे पळतो, चेंडू उचलतो, पण लगेच थांबू शकत नाही. चार पावलं पुढे जातो, मग वळून फेकतो. ती चार पावलं म्हणजे त्याचं वजन. पुष्कळ गेममध्ये नेमकी तीच कापलेली असतात.

आणि त्या मैदानाच्या कडेवरून चेहरा दिसतो का हो? नाही दिसत. आपण माणूस ओळखतो रनअपवरून, खांद्यावरून. आपल्याच शहरात जन्मलेला इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एकमेव कसोटी खेळला. ज्यांनी त्याला रणजीत महाराष्ट्राकडून गोलंदाजी टाकताना बघितलंय, त्यांना त्याची धाव लांबूनच ओळखू येईल. पण गेमचा बाजार कसा चालतो? ज्याचं नाव विकतं, त्याची हालचाल टिपायला पैसा मिळतो. बाकीच्यांना कुणाची तरी उसनी चाल. एका कसोटीच्या खेळाडूला तर बहुधा तीही आयत्या साच्यातली.

म्हणून माझी परीक्षा सोपी आहे. घरी गेल्यावर तुमचा आवडता गेम लावा, कॅमेरा इतका लांब न्या की चेहरे दिसणार नाहीत, स्क्रीनवरची नावं बंद करा आणि एक षटक बघा. गोलंदाज कोण ते ओळखू आलं, तर त्या ग्राफिक्सला मी मनापासून टाळ्या वाजवेन. नाही आलं, तर समजा की तुम्ही उत्तम फोटो विकत घेतलाय. खेळाडू अजून मैदानातच आहे.