लिस्टोवेल: गप्पा भरपूर, वाद थोडे

आयर्लंडच्या केरी काउंटीत, फील नदीच्या काठी, लिस्टोवेल नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. तिथे १९७० साली 'रायटर्स वीक' सुरू झाला. देशातला सर्वांत जुना साहित्यमहोत्सव म्हणून तो ओळखला जातो आणि मे-जूनच्या सांध्यावर भरतो. (नाव 'वीक' असलं तरी प्रत्यक्षात चार-पाच दिवसच, लग्नपत्रिकेतल्या मुहूर्ताइतक्याच गांभीर्याने ते घ्यावं.) मी नोकरीसाठी कॉर्कमध्ये राहते. ट्रालीपर्यंत रेल्वे, पुढे बस, असं करत सलग दोन वर्षं तिथे जाऊन आले. दोन्ही वेळा परतताना मनात एकच तक्रार होती, ती इथे मांडते आहे.

आधी या गावाची ऐपत सांगायला हवी. जॉन बी. कीन हा नाटककार इथे पब चालवायचा. ब्रायन मॅकमहन इथेच शाळामास्तर होता. पेग सेयर्सचं आयरिश भाषेतलं आत्मकथन त्याने इंग्रजीत आणलं. कीनचं 'सायव्ह' हे नाटक डब्लिनच्या ॲबी थिएटरने नाकारलं. मग १९५९ मध्ये गावातल्याच हौशी मंडळींनी ते बसवलं आणि अथलोनच्या अखिल आयर्लंड नाट्यस्पर्धेत पहिलं आणलं. राज्य नाट्य स्पर्धेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यातला आनंद वेगळा समजावून सांगायला नको. राजधानीने नाही म्हटलं तर आम्ही आमचं करू, हा बाणा या महोत्सवाच्या मुळाशी आहे. म्हणूनच आज मंचावर जे चालतं ते जास्त खटकतं.

मंचावर चालते ती मुलाखत. दोन खुर्च्या, मध्ये टेबल, पाण्याचे ग्लास, मुलाखतकाराच्या हातात रंगीत चिठ्ठ्या लावलेलं पुस्तक. पाऊण तास गप्पा, त्यात लेखकाचं थोडं वाचन, शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि मग सहीसाठी रांग. लिस्टोवेलचाच हा दोष नाही. जगभरचे महोत्सव आता याच साच्यात बसलेत. एका कादंबरीकाराने पुस्तक कसं सुचलं याचा किस्सा सांगितला. तोच किस्सा मी बसमध्ये पॉडकास्टवर ऐकला होता, हशासाठीची थांबण्याची जागासुद्धा तीच. तिकीट काढून मी रेकॉर्डिंगच ऐकत होते म्हणायचं.

अडचण लेखकाच्या कंटाळ्याची नाही, साच्याची आहे. प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा स्वतः लेखक असतो. त्याचंही पुस्तक पुढच्या वर्षी येणार असतं, आणि लेखकांचं हे जग लहान आहे. आज मी तुला सांभाळतो, उद्या तू मला सांभाळ. त्यामुळे 'हे प्रकरण मला फसलेलं वाटलं' हे वाक्य चार दिवसांत कानावर पडत नाही. आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये कोणी न वाचताच 'छान दिसतंय' लिहून मंजुरी दिली, तर ती चूक प्रॉडक्शनमध्ये फुटते. साहित्यात ती कुठेच फुटत नाही, हीच पंचाईत आहे.

दोन वर्षांत मला खऱ्या अर्थाने जागं ठेवणारं एकच सत्र मिळालं, आणि ते नामवंतांचं नव्हतं. विषय होता कीनचं १९६५ चं नाटक 'द फील्ड'. खंडाने कसलेलं शेत लिलावात निघतं, बाहेरचा माणूस बोली लावतो, त्याचा खून होतो आणि सगळं गाव तोंड शिवून बसतं. याच्यामागे केरीतच १९५८ साली झालेला, बांधाच्या वादातला खून होता. त्यात कोणालाही शिक्षा झाली नाही. बांधावरून मुडदे पडतात हे आपल्याला सांगावं लागत नाही. वक्ते अभ्यासू होते. गावाचं मौन म्हणजे सामूहिक भित्रेपणा, अशी त्यांची मांडणी होती. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. म्हणाले, तुम्ही भित्रेपणा म्हणता, पण त्याच माणसांबरोबर पुढची चाळीस वर्षं डेअरीवर दूध घालायला रांगेत उभं राहायचं असतं, ते तुमच्या हिशेबात कुठे आहे?

सभागृह एकदम ताठ झालं. वक्त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, मग मेलेल्याच्या घरच्यांनी त्या रांगेत कुठे उभं राहायचं? आजोबा पुन्हा उठायच्या बेतात होते. तेवढ्यात सूत्रसंचालकाने घड्याळाकडे बघून आभार मानले. पुढचं सत्र होतं ना. नाटकाच्या वर्मावर बोट ठेवणारा वाद अडीच मिनिटांत आटोपला. डब्लिनमध्ये असला प्रश्न कोणी विचारला नसता, कारण डेअरीची रांग तिथे कोणाच्या अनुभवात नाही. छोट्या गावात महोत्सव भरवण्याचं एकमेव कारण हे आजोबा आहेत, आणि वेळापत्रकात त्यांच्यासाठी जागा नाही.

२०२२ मध्ये इथे मोठा बखेडा झाला. एका स्वतंत्र सल्लागाराच्या अहवालानंतर संचालक मंडळाने गावातल्या स्वयंसेवकांची समिती बरखास्त केली आणि कार्यक्रमाची जबाबदारी व्यावसायिक क्युरेटरकडे गेली. गावात आणि वर्तमानपत्रांत बरीच नाराजी उमटली. मी गेले ती त्यानंतर, तेव्हा आधीचं चांगलं होतं की वाईट हा निवाडा माझा नाही. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेला आज हिशेब आणि शिस्त लागते, हे मान्य. समित्यांमध्ये कंपूशाही होते, हेही मराठी माणसाला शिकवायला नको; २०१९ च्या यवतमाळ संमेलनात नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं, ते आपण पाहिलंच. तरी माझा कल स्वयंसेवकांकडे आहे. क्युरेटर लेखक निवडू शकतो, पण मागच्या रांगेतून कोण उठेल आणि त्याला किती वेळ द्यावा, हे त्या गावात राहणाऱ्यालाच कळतं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. तशा व्याख्यानमाला पुढे आपल्या तालुक्यांपर्यंत पोचल्या, त्या स्थानिक माणसांनीच चालवल्या म्हणून. शाल-श्रीफळाची थट्टा मीही करते, पण तिथे वक्ता निदान एक मुद्दा घेऊन तासभर उभा राहतो. फसला तर सगळ्यांना दिसतं.

(लिस्टोवेलला जाल तर लार्टिग रेल्वे जरूर पाहा. १८८८ ते १९२४ या काळात इथून बॅलीबनियनला जाणारी, एकाच रुळाच्या दोन्ही बाजूंना डबे लोंबकळणारी गाडी. तोल साधण्यासाठी एका बाजूला गाय चढवली की दुसरीकडे तिच्या वजनाची वासरं चढवायची, असं सांगतात. इंजिनिअर माणसाने त्या प्रतिकृतीसमोर एक सत्र बुडवलं तरी क्षम्य आहे. मी दोन बुडवली.)

आयरिश भाषेचं काय, हा प्रश्न मला कोणीतरी विचारणारच. अनेक वक्ते आरंभी आयरिशमध्ये दोन वाक्यं बोलतात. याला 'कूपला फोकल', म्हणजे दोन शब्द, असं नावच आहे. मग पुढचा तासभर इंग्रजी. आपल्या दीपप्रज्वलनासारखा हा विधी: ज्योत लावली की तिच्याकडे परत कोणी बघत नाही. अपवाद म्हणून एका छोट्या खोलीतल्या आयरिश कवितावाचनाला बसले. वीसेक माणसं, माइक नाही. मला बहुतेक काहीच कळलं नाही. पण वाचन संपल्यावर एका बाईंनी कवीला एका शब्दावरून अडवलं. तिच्या भागात तो शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात, एवढं शेजारच्याने मला हळूच सांगितलं. कवी हटेना, बाई हटेनात. बाहेर पुढच्या कार्यक्रमाची रांग लागली होती आणि दार उघडायला कोणी उठत नव्हतं.