स्मारक आणि वाणी : ओकॉनेल व गाडगेबाबा यांच्या सार्वजनिक स्मरणाची भाषा

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकास एका तहामुळे परिचित असते. असई, अडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यामध्ये येथे तह झाला. इंग्रजांच्या बाजूने तो घडवून आणणारा सेनापती आर्थर वेलस्ली हा जन्माने डब्लिनचा. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला, इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये त्याच्या स्मरणार्थ १८१७ मध्ये सुरू झालेला आणि १८६१ मध्ये पुरा झालेला प्रचंड स्तंभ आजही उभा आहे. त्याच्या पायथ्याशी ब्राँझचे तीन शिल्पपट आहेत. एक वॉटर्लूचा व दुसरा हिंदुस्थानातील युद्धांचा आहे. तिसरा नागरी व धार्मिक स्वातंत्र्याचा असून १८२९ च्या कॅथॉलिक मुक्तीच्या कायद्याचे श्रेय तो वेलिंग्टनला देतो. हा कायदा ज्याच्या चळवळीमुळे पंतप्रधानास नाइलाजाने करावा लागला, तो डॅनिएल ओकॉनेल होय. स्मारकातील श्रेयाची वाटणी कशी होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, यांचा जन्म झाला. ओकॉनेल हा कायदेपंडित आणि संसदपटू, तर गाडगेबाबा हे हातात खराटा घेतलेले निरक्षर कीर्तनकार. त्यांची तुलना वरवर पाहता ओढूनताणून केलेली वाटेल. परंतु एका गोष्टीत त्यांचे साम्य मूलगामी आहे. दोघांचेही सामर्थ्य वाणीत होते, आणि उघड्या मैदानावर जमलेल्या अफाट समुदायास त्या वाणीने बांधून ठेवले. अशा पुरुषाचे स्मारक उभारताना त्याच्या वाणीचे काय होते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारणे अगत्याचे आहे.

ओकॉनेलचा जन्म १७७५ मध्ये केरी परगण्यात झाला. त्याचे बालपण आयरिश भाषेच्या सहवासात गेले आणि ती त्याला उत्तम येत असे. तथापि त्याचे सार्वजनिक जीवन इंग्रजीतून चालले. आयरिश भाषेचा वापर हळूहळू लोप पावत असला तरी त्याबद्दल आपल्याला खेद होत नाही, कारण व्यवहारात इंग्रजीची उपयुक्तता अधिक आहे, अशा आशयाचे त्याचे मत नमूद झालेले आहे. १८४३ मध्ये टारा येथे भरलेल्या प्रचंड सभेचा हा नायक १८४७ मध्ये जिनोआ येथे वारला. १८८२ मध्ये जॉन हेन्री फोली या शिल्पकाराने योजिलेल्या त्याच्या पुतळ्याचे डब्लिनमध्ये अनावरण झाले. त्याच वर्षी शेजारच्या पुलाला त्याचे नाव मिळाले आणि १९२४ मध्ये सॅकव्हिल स्ट्रीट या हमरस्त्यालाही मिळाले. आज त्या रस्त्याच्या पाटीवर इंग्रजी नावाबरोबर आयरिश नावही आहे. त्याचा उच्चार स्थूलमानाने 'स्रॉड ई खोनिल' असा करता येईल. मूळ आडनावातील 'ओ' षष्ठीत 'ई' होतो आणि 'क' चा 'ख' होतो. आपल्याकडे सामान्यरूपात नाम जसे बदलते, त्याच जातीचा हा विकार आहे. जी भाषा मागे पडली तरी ज्याला हळहळ नव्हती, त्याच्या नावाला त्याच भाषेचे व्याकरण आता कायमचे चिकटले आहे. नव्या राष्ट्राने आपल्या भाषेचा अभिमान त्याच्यावर लादला असे म्हणता येईल. त्यात थोडा विनोद आहे, परंतु हानी मात्र नाही.

गाडगेबाबांच्या बाबतीत प्रवाह उलट दिशेने वाहिला आहे, आणि तेथे हानी आहे.

त्यांचे नावच प्रथम पाहावे. फुटक्या गाडग्यावरून लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटले. कोठे गोधडेबुवा, कोठे चिंधेबुवा. ही नावे वस्तूवरून पडलेली, थट्टेच्या सीमेवरची आहेत. त्या नावामागे आणि पुढे आता 'संत', 'बाबा', 'महाराज', 'श्री' अशी आदरार्थी पदे साचत गेली आहेत. अमरावती विद्यापीठास २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वी १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले आणि २०००-०१ पासून शासनाचे ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने सुरू झाले. यांपैकी कशालाही आक्षेप घेण्याचे कारण नाही. उलट हाती झाडू घेणाऱ्याचे नाव स्वच्छतेच्या मोहिमेस मिळावे, हे पुष्कळशा स्मारकांपेक्षा अधिक उचित आहे.

आक्षेप आहे तो त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीच्या भाषेसंबंधी. शाळांतून, कार्यालयांतून, पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर तीच आढळते. सामान्य माणसाला बाबांची वाणी म्हणून तेवढीच माहीत असते. तिची रचना पाहावी. बहुतेक सूत्रांत दोनच पदे आहेत. आधी चतुर्थ्यन्त अनेकवचन, म्हणजे ज्याला द्यावयाचे तो. आणि मग प्रथमान्त नाम, म्हणजे जे द्यावयाचे ते. क्रियापद नाही, त्यामुळे कर्ताही नाही. अन्न भुकेल्याला मिळावे हे कळते, परंतु ते कोणी द्यावे हे वाक्यात कोठेच नाही. बाबांच्या कीर्तनाचा सारा भर नेमका त्या लुप्त झालेल्या पदावर होता. समोरच्या माणसाला ते प्रश्न विचारीत, त्याच्याच तोंडून उत्तर काढीत, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न टाकीत. कर्ज काढून सण करणारा, देवापुढे बकरे कापणारा, मुलाला शाळेत न धाडणारा समोरच बसलेला असे, आणि त्याला ते द्वितीय पुरुषात धरीत. दशसूत्रीत द्वितीय पुरुष नाही, प्रश्न नाही, श्रोताही नाही. कार्यालयाच्या भिंतीवर ती निर्धास्तपणे टांगता येते याचे एक कारण तिच्या या व्याकरणात आहे.

दुसरी गोष्ट बोलीची. वऱ्हाडीत 'मला' चे 'मले' होते, 'माझा' चा 'माहा', 'डोळा' चा 'डोया'. 'ण' चा 'न' होतो, आणि चालू क्रिया 'करून राहिला' अशा संयुक्त रूपाने सांगितली जाते. शेंडगाव-दापुऱ्याकडे वाढलेल्या माणसाची ही भाषा. दशसूत्रीत तिचा एकही अवशेष नाही. 'औषधोपचार', 'अभय' यांसारखे शब्द मात्र आहेत. वऱ्हाडातील विद्यार्थी आपल्या घरची बोली अशुद्ध मानून वर्गात येतो आणि ज्या महापुरुषाचे नाव विद्यापीठाला आहे, त्याचे वचन प्रमाणभाषेत वाचतो. बोलीची लाज बाळगण्यास त्याला आणखी एक आधार मिळतो.

यावर असे म्हटले जाईल की बाबा केवळ वऱ्हाडचे नव्हते. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे त्यांच्या धर्मशाळा आहेत, आणि सर्व महाराष्ट्रास समजेल असे सार काढणे आवश्यकच होते. हा युक्तिवाद निराधार नाही. सार काढण्याची परंपरा तर वऱ्हाडातच फार जुनी आहे. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास रिद्धपूर येथे लीळाचरित्र सिद्ध केले आणि त्यातील चक्रधरोक्त वचने वेचून केसोबासांनी सूत्रपाठ रचला. परंतु म्हाइंभटांनी एकेका आठवणीसाठी माणसे गाठली, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. कोणते वचन कोठे, कोणाला, कोणत्या प्रसंगी उच्चारले हे लीळेत सुरक्षित राहिले. म्हणून सूत्र संदिग्ध वाटल्यास अभ्यासकाला लीळेकडे परतता येते. दशसूत्रीच्या वाचकाला असे कोठे परतता येईल, याची सोय आपण लावलेली नाही.

सामग्री नाही असे मात्र नव्हे. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये, बाबा हयात असतानाच, त्यांचे चरित्र लिहिले. परतवाड्यास जन्मलेल्या आणि बाबांच्या सहवासात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांचेही चरित्र आहे. दोन्ही चरित्रांत संवाद आहेत. पण ते लेखकांच्या कानांतून आणि लेखण्यांतून गाळून आलेले आहेत, हे विसरता येत नाही. सर्वांत मोलाचे साधन म्हणजे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यापुढे झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २० डिसेंबर रोजी, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांचे देहावसान झाले. ओकॉनेलचा आवाज आयर्लंडपाशी नाही; यंत्रच नव्हते. आपल्यापाशी आवाज आहे.

त्या ध्वनिमुद्रणाची, उच्चार जसेच्या तसे राखणारी, श्रोत्यांची उत्तरे व हशादेखील नोंदविणारी संहिता भाषाविषयक पदव्युत्तर वर्गांत नेमली जावी. तीत वऱ्हाडी किती, मुंबईच्या श्रोत्यांसाठी केलेली तडजोड किती, विठ्ठलभक्तीच्या परंपरेतून आलेली रूपे कोणती, याचा निर्णय पाठ समोर ठेवूनच होऊ शकेल. आणि शेंडगावच्या फलकावर एखादे वाक्य कोरावयाचेच झाले, तर ते त्या संहितेतून घ्यावे, प्रश्नचिन्हासह.