हुजूरपागा : नाव, भाषा आणि वाद

कसबा पेठेतील जुन्या घरांत आजीच्या शाळेची चौकशी केली, तर ‘हुजूरपागा’ हे उत्तर हमखास येते. शाळेच्या अधिकृत नावातील ‘एच. एच. सी. पी.’ ही आद्याक्षरे सहसा कोणाच्या तोंडी नसतात. पेशव्यांच्या पागेची जागा मुलींच्या विद्येस मिळाली आणि घोड्यांशी निगडित असलेला शब्द शाळेचा वाचक झाला. अर्थांतराचे हे उदाहरण मोठे मनोज्ञ आहे. परंतु या नावाच्या गोडीने शाळेच्या इतिहासलेखनात एक दोष शिरला आहे. त्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

गौरवपर लेखनात ही शाळा पुण्यातील स्त्रीशिक्षणाची मुहूर्तमेढ म्हणून वर्णिली जाते. ते यथार्थ नव्हे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, रानडे, भांडारकर, मोडक व वेडरबर्न यांनी आरंभ केला तो मुलींच्या माध्यमिक इंग्रजी शिक्षणाचा. हा भेद पुसला की फुल्यांचे श्रेय झाकले जाते आणि पुढील वादाचे मर्मही हातून निसटते.

इंग्लंडातील ‘ग्रामर स्कूल’मध्ये लॅटिन व्याकरण शिकल्यावाचून विद्यापीठाचे दार उघडत नसे. आपल्याकडे ते स्थान इंग्रजीस आले होते. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांस परीक्षांची मुभा दिली. परंतु इंग्रजीवाचून ती मुभा कागदावरच राहिली असती.

टिळकांनी १८८७ मध्ये ‘केसरी’तून या शाळेच्या शिक्षणक्रमावर टीका केली. मुलींस देशी भाषा व गृहकृत्ये पुरेत, असा तिचा रोख होता. देशी भाषेचा आग्रह भाषाशास्त्राच्या दृष्टीने निराधार नाही. तथापि १८८० मध्ये ज्या शाळेच्या स्थापनेत टिळक होते, तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ असे होते. जो नियम लिंग पाहून बदलतो तो व्याकरणात चालतो. न्यायात तो पक्षपात ठरतो.

या शाळेसाठी भरलेल्या सभेत रमाबाई रानडे यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजी मानपत्र वाचले आणि घरी आल्यावर वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे ऐकले. विरोध वृत्तपत्रांइतकाच माजघरातही होता, हे त्यांच्या आठवणींवरून कळते. या शाळेचा इतिहास लिहिणाराने स्थापनेच्या तिथीपेक्षा या दोन स्थळांकडे अधिक लक्ष द्यावे, एवढेच सुचवावयाचे आहे.