भिंत कुणाची, सही कुणाची?

पुण्यातल्या बंगल्यांच्या भिंतींवर वारली चित्रं असतात, खाली सही नसते. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं लिहायच्या त्या सवाशिणी. १९७० नंतर कागद आला, बाजार आला. गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर गेले, २०११ साली पद्मश्री झाले. आनंदच आहे. पण एकाच्या मानानं जमातीचं पोट भरत नाही.

ऑस्ट्रेलियात पापुन्याच्या आदिवासी चित्रकारांनी १९७२ साली स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. इकडं आदिवासी युवा सेवा संघानं २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळवलं. म्हणजे नकलाकाराला कोर्टात खेचता येतं. पण भावही आपणच एकजुटीनं ठरवला पाहिजे. आणि त्या एकजुटीत सवाशिणीची सही नसेल, तर ती अर्धीच.

आपल्या अंकात बायांची नावं किती? मोजा.