अर्नाळ्याच्या दारातून ‘भाऊबंदकी’

खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ मी पहिल्यांदा वाचले ते कॉलेजात, परीक्षेपुरते. दुसऱ्यांदा वाचले ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात. आणि या खेपेस नाटकाशी माझे थोडे भांडण झाले.

१९०९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे सामर्थ्य कोण नाकारील? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीसाठी पुतण्याचा बळी गेला, आणि न्यायाधीशाने चुलत्याला देहान्त प्रायश्चित्त सांगितले. रामशास्त्री बोलू लागले की वाचणाराही ताठ बसतो. आनंदीबाई तर अशी रेखली आहे की केशवराव दात्यांसारख्या नटाचे तिने नाव केले. पण तिच्या तेजापुढे राघोबा मेणाचा होतो. बाई पेटवते, तो वितळतो. आणि प्रेक्षकाला त्याची कीवच येते! ‘ध’चा ‘मा’ तिने केला हे कधी पुराव्याने शाबीत झालेले नाही. सुरतेच्या तहाला मात्र संमती राघोबाचीच.

वाचून झाल्यावर होडीने किल्ल्यात गेलो. दरवाज्यावर मराठी शिलालेख आहे. पाश्चात्त्यांना मारून समुद्रात किल्ला बांध, अशी बाजीरावाने शंकर नावाच्या माणसाला आज्ञा केल्याचे त्यात कोरले आहे. १७३७ मध्ये हे बेट मराठ्यांकडे आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या वेढ्यात किती माणूस खपले! आता नाते पाहा: हा बाजीराव राघोबाचा बाप, चिमाजी सख्खा चुलता. चुलत्याने जिंकलेली ती वसई पुतण्याने मार्च १७७५ मध्ये, साष्टीसकट, अडीच हजार फौजेच्या मोबदल्यात इंग्रजांना लिहून दिली.

वाड्यातल्या काका-पुतण्यांची गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ही दुसरी कोणाला ठाऊक? टिळकांच्या ‘केसरी’त लिहिणाऱ्या खाडिलकरांना सुरत हे नाव अनोळखी नव्हते, काँग्रेस तिथेच फुटून दोनच वर्षे झाली होती. तरीही नाटकाचे सगळे वजन पडते ते वाड्यावर. खून, पाप आणि न्याय यांत आपण इतके गुंततो की, या भांडणाचा खर्च कोणी भरला हे विचारायचे राहून जाते.

तो या किनाऱ्याने भरला. बारभाईंनी सुरतेचा तह मानला नाही, युद्ध लांबले. डिसेंबर १७८० मध्ये वसई पडली, जानेवारी १७८१ मध्ये अर्नाळा. १७८२ च्या साळबाईच्या तहाने वसई परत मिळाली. साष्टी गेली ती गेलीच.

पुढे राघोबा-आनंदीबाईंचाच मुलगा, दुसरा बाजीराव, पुण्याची गादी परत मिळावी म्हणून इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तह केला. तोही वसईसच! खाडिलकरांनी त्यावर दुसरे नाटक लिहायला हवे होते, असे परतीच्या होडीत मला सारखे वाटत राहिले.